साडेतीनची कायमची सल्लामसलत

मार्चच्या पहिल्या तारखेपासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात यायचं, असं पत्र आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून काम करत होतो. वर इस्त्रीचा शर्ट, खाली झोपायची विजार. या पोशाखात मी दोन वर्षं जलमंडळाची सेवा केली आणि एकाही नागरिकानं तक्रार केली नाही. म्हणजे तक्रारी आल्या, रोज वीस-पंचवीस आल्या, कारण तक्रारींना उत्तरं देणं हेच माझं काम. पण त्या सांडपाण्याच्या कराबद्दल होत्या. विजारीबद्दल नव्हत्या.

पत्राखाली आमची साहेबीण आलेइडा हिची सही होती. आमच्याकडे साहेबालाही नावानंच हाक मारतात, त्यामुळे मनातला राग नीट काढताही येत नाही. ‘निर्बंध सैल होताहेत. चला, पुन्हा एकमेकांना डोळे भरून पाहू या!’ असं तिनं लिहिलं होतं. कायदा विभागातल्या गेरलोफला मी एकवीस वर्षं डोळे भरून पाहिलंय. मधली दोन वर्षं पाहिलं नाही, तर डॉक्टरांनी माझी रक्तदाबाची गोळी अर्ध्यावर आणली.

तरीही मी गेलो असतो. कुरकुर न करता गेलो असतो. अडचण फक्त साडेतीनची होती.

दुपारी साडेतीनला टीव्हीवर ‘पूल’ लागते. पन्नास वर्षांपूर्वीची मालिका, तीनशे तीन भागांची. गेल्या वर्षी जानेवारीत रात्रीची संचारबंदी लागली, त्याच आठवड्यात कुणा भल्या माणसानं ती कपाटातून काढून रोज दुपारी दाखवायला घेतली. एका कालव्यावर उचलायचा पूल आहे. एप्पो हा त्याचा राखणदार. होडी येते, एप्पो घंटा वाजवतो, दांडा फिरवतो, पूल वर जातो, सायकलवाले थांबतात, होडी जाते, पूल खाली येतो. एखाद्या भागात होडी जरा मोठी असते. एप्पोचं एक बदक आहे, ते नेमकं पूल उचलायच्या वेळी मधोमध येऊन बसतं. झालं कथानक. यात कुणी मरत नाही, कुणी खोकत नाही. रोज साथीचे आकडे ऐकायचो त्या दिवसांत, पूल खाली टेकला की माझाही जीव खाली टेकायचा.

पण ‘पूल’ मी एकटा बघत नाही. आईबरोबर बघतो. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. ती तिच्या गावी, एक रेल्वे आणि एक बस एवढ्या अंतरावर, एकटी राहते. मी इथं एकटा राहतो. ती तिच्या टीव्हीपुढं, मी माझ्या, आणि मध्ये फोन.

“लुबर्ट, बसलास का?”

“बसलो.”

“पाय वर घे. घंटा होईल आता.”

मग चाळीस मिनिटं फोन चालू. उभ्या आयुष्यात आम्ही मायलेक जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या पुलावर उभं राहून बोललो. आमच्या घराण्यात बोलायची पद्धतच नाही. वडील गेले तेव्हा आई फोनवर म्हणाली, “गेले,” आणि मी म्हणालो, “हो.” पण ते बदक पुलावर बसलं की तिला काहीतरी आठवायचं. लग्नाआधी तिला एका नावाड्यानं मागणी घातली होती, हे मला दोनशे अकराव्या भागात कळलं.

गेल्या नोव्हेंबरपासून मात्र ती फार प्रश्न विचारायला लागली. “आता काय झालं? बदक कुठं गेलं? हा कोण बोलला, लाल दाढीवाला?” मी सांगायचो. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. वर, “तुझ्या टीव्हीचा आवाज वाढव रे, तुझ्याकडचा छान येतो.” मी घाबरून तिच्यासाठी डोळ्याच्या डॉक्टरची वेळ घेतली. डॉक्टर म्हणाला, या वयात इतके चांगले डोळे मी पाहिले नाहीत. आई म्हणाली, “मी सांगितलंच होतं.” आता वय झालंय, असं म्हणून मी रोज सगळं सांगत बसायला लागलो. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू.

प्रत्यक्ष भेट महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, अकरा ते साडेबारा. ठरलेली. आमच्याकडे न ठरवता आईच्याही दाराची घंटा वाजवत नाहीत. गेलं की कॉफी आणि एक बिस्कीट. बिस्कीट उचललं की आई डब्याचं झाकण लावते, तो टप् असा आवाज मी जन्मापासून ऐकत आलोय. रविवारी टीव्ही नाही. आईच्या गावात रविवारी टीव्ही लावणं म्हणजे चर्चच्या पायरीवर पत्ते पिसण्याइतकं वाईट. पाठीमागं पोट सुटलेला तो जुना सेट, त्यावर विणलेला रुमाल, रुमालावर कुंडी, अशी ती रविवारची बैठक.

तर हे साडेतीनचं आता काय करायचं?

शेजारच्या सीत्सेनं आपण होऊन विषय काढला. आमच्या गल्लीत खिडक्यांचे पडदे ओढायची रीत नाही. पडदा ओढला की लोक म्हणतात, याच्याकडे काहीतरी लपवण्यासारखं आहे. त्यामुळे सीत्सेनं वर्षभर मला रोज दुपारी सोफ्यावर पाय घेऊन, फोनवर बदकाचं वर्णन करताना पाहिलं होतं. आवाज तर भिंतीतून जायचाच.

“सरळ सांग की साहेबिणीला,” तो म्हणाला. “साडेतीनला मी आईबरोबर टीव्ही बघतो. एका वाक्याचं काम.”

“सीत्से, मी सत्तावन्न वर्षांचा आहे.”

“आई चौऱ्याऐंशीची. दोघं सज्ञान आहात.”

“हसतील मला.”

“मग खचून जा. कामाच्या ताणानं. भरपगारी रजा मिळते. मी दोनदा खचलो होतो. दुसऱ्या वेळेला तर घराची सगळी कौलं बदलून घेतली.”

माझ्या हातून खचणं जमलं नसतं. माझ्या घराची कौलं चांगली आहेत.

पहिल्या मंगळवारी ऑफिसात गेलो. आता कुणाचं ठरलेलं टेबल नाही. आदल्या दिवशी संगणकावर टेबल मागायचं, तो देईल ते घ्यायचं. त्यानं मला गेरलोफच्या शेजारचं दिलं. तीन पंचवीस झाले तसा मी लॅपटॉप काखेत मारला आणि संडासात जाऊन कडी लावली. दुसरी बंद होणारी खोली त्या नव्या मोकळ्याढाकळ्या ऑफिसात नव्हती.

“लुबर्ट, आवाज घुमतोय. चर्चमध्ये आहेस का?”

“नाही.”

“मग संडासात आहेस.”

“आई, हळू बोल.”

“एप्पोची घंटा मी संडासातून ऐकणार नाही! तुझे वडील असते तर—”

एवढ्यात बदक ओरडलं. एकदा नाही, चांगलं चार वेळा. बाहेर कुणाची तरी पावलं थांबली.

“लुबर्ट?” गेरलोफचा आवाज. “बरं आहे ना?”

“आहे, आहे.”

“दुपारच्या जेवणात ताक घेऊ नकोस. मलाही असंच व्हायचं.”

माझ्या प्रतिष्ठेचा जो काही शिल्लक भाग होता तो मी त्या दिवशी तिथंच सोडून आलो.

बुधवारी फोनवर बोलायची काचेची कपाटं आहेत त्यातल्या एकात शिरलो. तिथला दिवा माणूस हलला तरच जळतो. एप्पोचा पूल बघताना माणूस हलत नाही, हीच त्या मालिकेची थोरवी. त्यामुळे दर दोन मिनिटांनी अंधार, मग मी दोन्ही हात वर करून हलवायचे, मग उजेड. बाहेरून जाणारे लोक मला हात हलवून प्रतिसाद देत होते. वीस मिनिटांनी दार आपोआप उघडलं, कारण वेळ संपली. होडी अर्ध्यावर होती.

गुरुवारी सकाळी मी खोल्यांचं वाटप करणाऱ्या हेर्मीनसमोर उभा राहिलो.

“दोघांना कोपरा,” ती म्हणाली. “तिघांपासून खोली. विषय?”

“सल्लामसलत.”

“किती दिवस?”

“कायमची. मंगळ, बुध, गुरु. साडेतीन.”

“सदस्य?”

“मी. आणि श्रीमती र. नायेनहाउस. बाह्य सदस्य. फोनवरून.”

“तुझंच आडनाव?”

“आमच्याकडे पुष्कळ आहेत.”

“तिसरा?”

इथं मी चुकलो. तिसरं कुठलंही नाव सांगितलं असतं, मेलेल्या माणसाचं सांगितलं असतं, तरी पुढचं सगळं टळलं असतं. मी म्हणालो, “तिसरी जागा सध्या रिकामी ठेव.”

ही चूक आमच्याच देशातला माणूस करू जाणे, आणि तीही जलमंडळात. आठशे वर्षांपूर्वी समुद्र अंगावर यायला लागला तेव्हा आमचे पूर्वज बांध घालण्याआधी बसून सल्लामसलत करत होते, आणि तेव्हापासून कुणी उठलेलं नाही. इथं बैठक कशाबद्दल आहे हे कुणी विचारत नाही. मी त्यात का नाही, हे विचारतात. आणि मी ऑफिसच्या सार्वजनिक दिनदर्शिकेत, दोनशे लोकांच्या डोळ्यांसमोर, एका कायमच्या सल्लामसलतीत रिकामी जागा ठेवली होती.

त्या गुरुवारी दुपारी मात्र स्वर्ग होता. खोली, खुर्ची, दार. आई म्हणाली, “आज आवाज चांगला आहे. कुठं आहेस?” मी म्हणालो, “बैठकीत.” ती म्हणाली, “वा.” शुक्रवारी आणि सोमवारी मी घरीच होतो, त्यामुळे ते दिवसही सुखाचे गेले.

मंगळवारी, दोनशे ब्याण्णवाव्या भागाला, दार उघडलं आणि गेरलोफ आत आला. हातात वही.

“मला वगळलंस,” तो म्हणाला. “तोंडावर सांगतो. वाईट वाटलं.”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. पडद्यावर पूल वर चालला होता आणि फोनमधून आई विचारत होती, “कोण आलं? होडी गेली का?”

“गेरलोफ,” मी म्हणालो, “ही मालिका आहे. ‘पूल’. मी रोज आईबरोबर बघतो. फोनवर ती माझी आई आहे.”

सांगून टाकलं आणि हसण्याची वाट पाहत बसलो. गेरलोफनं खुर्ची ओढली.

“कार्यवृत्त कोण लिहितं?”

“कुणी नाही.”

“कायमची सल्लामसलत आणि कार्यवृत्त नाही?” त्याचा चेहरा खरोखर दुखावला होता. “गुरुवारपासून चालू आहे ना हे?” त्यानं वही उघडून तारीख घातली.

मला वाटलं होतं, लाज ही माझी अडचण आहे. लाज परवडली असती. कुणी हसलंच नाही हो! दुसऱ्या दिवशी हेर्मीन आली, खोलीचा वापर बरोबर होतोय का ते बघायला, आणि बसली. बांध खात्यातले दोघं आले. गुरुवारी आलेइडा आली, दाराशी उभी राहून दहा मिनिटं बघितलं, डोळ्याला रुमाल लावला आणि म्हणाली, “लोक परत एकत्र येताहेत. हेच मला हवं होतं. वरती कळवते.” पुढच्या आठवड्यात आम्ही नऊ जण होतो.

आणि नऊ माणसं एकत्र आली की आमच्याकडे पहिली गोष्ट काय होते? चर्चा. खिडकी किती उघडी ठेवायची यावर एक दुपार गेली. विषाणू बाहेर गेला पाहिजे हे सर्वांना मान्य, पण किती अंशांत, यावर एकमत होईना. पूल वर उचलायला मागं टांगलेलं वजन इतकं लहान असूच शकत नाही, यावर बांध खात्यानं टिपण काढलं. बदकाला पूल उचलायच्या वेळी हाकलणं हे क्रौर्य आहे का, असा मुद्दा हेर्मीननं मांडला आणि तो पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवला. मी पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलो, कारण जागा आळीपाळीनं घ्यायच्या असं ठरलं. फोन खिडकीच्या कट्ट्यावर गेला.

तिथून आई विचारायची, “आता काय झालं?”

नऊ जण नऊ उत्तरं द्यायचे. त्यात एप्पोचं बोलणं बुडायचं. मग ती म्हणायची, “सगळे एकदम नको. लुबर्ट, तू सांग,” आणि मी दुसऱ्या रांगेतून ओरडून सांगायचो, की सगळे मागं वळून माझ्याकडे बघायचे.

सतरा तारखेला, दोनशे नव्व्याण्णवावा भाग संपल्यावर, आलेइडा म्हणाली, “एक गोष्ट मोकळेपणानं मांडते.” आमच्याकडे कुणी असं म्हणालं की सावध व्हावं, कारण तो मोकळेपणा पुढच्या माणसाच्या छातीत घुसतो. “फोनवरच्या बाह्य सदस्यामुळे लक्ष विचलित होतं. व्यक्तीबद्दल काही नाही. पद्धतीबद्दल आहे.”

चाळीस मिनिटं चर्चा झाली. मालिकेइतकीच. प्रत्येकाला बोलू दिलं, प्रत्येकाचं ऐकून घेतलं. शेवटी गेरलोफनं ठराव वाचला: मालिका चालू असताना बाह्य सदस्यानं आवाज बंद ठेवावा. प्रश्न शेवटी घ्यावेत.

सगळ्यांनी माना हलवल्या. आणि मी? मीही हलवली. सगळ्यांची मान हलताना आपली एकट्याची स्थिर ठेवायला जी हिंमत लागते ती आमच्या शाळांत शिकवत नाहीत. हे कारण झालं. खरी गोष्ट अशी, की मला त्या क्षणी, अगदी एका क्षणापुरतं, बरं वाटलं. रोज रोज बदक कुठं आहे ते सांगून मी थकलो होतो.

फोन चालूच होता. आईनं सगळं ऐकलं होतं.

“हे त्यांचं म्हणणं झालं,” ती म्हणाली. “तुझं म्हणणं काय?”

“आई, सगळ्यांनी मिळून—”

“बरं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

शुक्रवारी मी घरून साडेतीनला फोन लावला. उचलला नाही. सोमवारी नाही. मंगळवारी सकाळी लावला तेव्हा म्हणाली, “मी ठीक आहे. काम कर,” आणि दुपारी पुन्हा उचलला नाही. सीत्से कुंपणावरून म्हणाला, “शुक्रवारी नाही, सोमवारी नाही, बदक ऐकूच आलं नाही. काही झालंय का?” वर्षभर ती बाई रोज साडेतीनला माझी वाट बघत बसत होती, आणि खिडकीच्या कोनावर एकमत होत नाही अशा लोकांबरोबर मी तिच्याविरुद्ध मान हलवली होती.

बुधवार, तेवीस मार्च. शेवटचा भाग, तीनशे तीनावा. ऑफिसात कुणीतरी केक आणला होता. एक वाजता मी लॅपटॉप खोलीत ठेवला, गेरलोफला म्हणालो, “साडेतीनला तूच लाव. मी आईकडे चाललोय.”

“ठरलंय?”

“नाही.”

आजूबाजूच्या टेबलांवरची डोकी वर आली.

“न ठरवता?” हेर्मीन म्हणाली. “बुधवारी?”

“हो.”

“आधी फोन तरी कर,” आलेइडा हळूच म्हणाली. “माणूस घाबरतं अशानं.”

त्याच दिवशी गाडीतली मास्कची सक्ती उठली होती. डब्यातली माणसं दोन वर्षांनी एकमेकांची नाकं बघत बसली होती. समोरच्या बाईंनी माझ्या नाकाकडे इतका वेळ पाहिलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बस चुकली. पुढची वेळेवर आली, म्हणजे मला उशीर करून आली. आईच्या दाराची घंटा वाजवली तेव्हा तीन पंचवीस झाले होते.

दार चार बोटं उघडलं.

“आज बुधवार,” आई म्हणाली.

“हो.”

“ठरलं होतं?”

“नाही.”

“थांब.” ती आत गेली आणि आपली डायरी घेऊन आली. चष्मा न लावता पान काढलं. “साडेतीन, लुबर्ट, असं लिहिलंय खरं.”

मी वरून डोकावलो. मंगळवारच्या पानावरही तेच होतं. सोमवारच्या पानावरही. कुठंही ‘पूल’ लिहिलेलं नव्हतं. कुठंही खोडलेलं नव्हतं.

“पाच मिनिटं लवकर आलायस,” ती म्हणाली. “बूट पूस आणि ये.”

आत गेलो. टीव्हीवर विणलेला रुमाल होता. रुमालावर कुंडी.

“आई, बुधवारी रुमाल?”

मी कुंडी उतरवली, रुमाल काढला, बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पाठीमागं जाऊन प्लग बघितला.

“दमू नकोस,” ती म्हणाली. “मेलाय तो.”

“कधी?”

“सांत निकोलासच्या सणाआधी. कुंडीतलं पाणी गेलं आत. फट् झालं आणि जरा धूर आला.”

मी हिशोब केला. तो सण पाच डिसेंबरचा. त्याआधी म्हणजे नोव्हेंबर. चार महिने.

“मग चार महिने तू रोज काय बघत होतीस?”

“बघत कुठं होते? ऐकत होते. तू सांगायचास ना.”

“मग डोळ्याच्या डॉक्टरकडे का गेलीस?”

“तू वेळ घेतली होतीस. ठरलेलं मोडायचं कसं?”

मी खुर्चीत बसलो. “आई, एक शब्द बोलली असतीस तर दुसऱ्या दिवशी नवा आणून बसवला असता!”

“म्हणून तर नाही बोलले,” आई म्हणाली. “नवा आणला असतास. मग मला सगळं दिसलं असतं. मग तू कशाला सांगितलं असतंस? तू आपला गप्प बसून बघितलं असतंस, तुझ्या वडिलांसारखा. मला तू सांगतोस ते आवडतं.” ती रुमालाची घडी घालत राहिली. “तुमच्या त्या सभेनं गप्प बसवलं त्याचं काही नाही. पण विचारायचं नाही म्हटल्यावर मला कळणार कसं, होडी आली का गेली?”

मला रडू आलं. आमच्या घरात ती पद्धत नाही, पण आलं. आईनं खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, “साडेतीन वाजले.”

घरात इंटरनेट नाही. माझा फोन ऑफिसनं दिलेला, बोलण्यापुरता. एकच मार्ग उरला होता. मी ऑफिसातल्या आमच्या त्या खोलीतला फोन लावला.

“कायमची सल्लामसलत,” गेरलोफ म्हणाला. “कार्यवाह बोलतोय.”

“मी लुबर्ट. आमच्याकडे टीव्ही नाही. काय चाललंय ते सांग.”

“तसं करण्याबाबत ठराव—”

आईनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. “मुला, होडी आली का?”

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज. “उत्तरेकडून, म्हणजे डावीकडून, एक जहाज येतंय. रंग हिरवा.”

“निळा,” मागून हेर्मीन.

“हिरवट निळा म्हणू या,” आलेइडा. “चालेल सगळ्यांना?”

“बदक कुठंय?” आईनं विचारलं.

“पुलावर. मधोमध.”

आईनं पाय वर घेतले. मीही घेतले. गेरलोफ सांगत राहिला. उद्यापासून पुलाला मोटार बसणार आहे, दांडा फिरवायचं एप्पोचं काम आज संपतंय, गावातली माणसं काठावर जमलीत. एकवीस वर्षांत त्या माणसाच्या तोंडून मी कलम आणि पोटकलम सोडून काही ऐकलं नव्हतं. तो फार चांगलं सांगत होता. मग तो थांबला.

“काय झालं?” आई म्हणाली.

“एप्पो दांड्यावर हात ठेवून उभा आहे. फिरवत नाहीये.”

“का?”

“त्याला— माहीत नाही. सोडवत नसेल.”

झालं. खोलीत सगळे एकदम बोलायला लागले. हेर्मीन म्हणत होती, तो रडतोय, आलेइडा म्हणत होती, ऊन डोळ्यांवर आलंय, बांध खात्याचं म्हणणं होतं की वजनच कमी आहे, पूल वर जाणारच नाही.

“ए!” आई फोनवर ओरडली. “बाकीच्यांनी आवाज बंद ठेवा! प्रश्न शेवटी! गेरलोफ, तू सांग.”

खोली चिडीचूप झाली. आणि गेरलोफनं सांगितलं, की एप्पोनं दांडा फिरवला, बदक आपण होऊन उठून बाजूला झालं, हिरवट निळं जहाज गेलं, आणि पूल खाली आला. शेवटचा, हळूहळू, आवाज न करता.

आईनं फोन ठेवला. बराच वेळ आम्ही बंद टीव्हीकडे बघत बसलो.

“उद्यापासून पहिल्या भागापासून पुन्हा दाखवणार आहेत,” मी म्हणालो. “नवा टीव्ही आणू का?”

“बघू,” ती म्हणाली. “ठरवून आण.”

मग तिनं कॉफी केली आणि बिस्किटांचा डबा समोर ठेवला. मी एक घेतलं आणि टप् असा आवाज होण्याची वाट पाहत बसलो. आई कॉफी पीत होती. झाकण टेबलावर तसंच पडलं होतं. मी जरा थांबलो, तिच्याकडे बघितलं, आणि दुसरं बिस्कीट घेतलं.